जपानी म्हाताऱ्याच्या नावाचा नारळ

प्राजक्ता धुरी कौस्तुभ मयेकरावर जळते असं कोणी म्हटलं असतं तर तिच्या आईनेसुद्धा ते खोटं पाडलं असतं. तारकर्लीला एका वाडीत, एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन बाजूंना दोघांची घरं. एकमेकांच्या परसात जेवून वाढलेली, मालवणला एकाच शाळेत गेलेली पोरं. पण लोकांना वरवरचं दिसतं. आतून ती त्याला कित्येक वर्षं पाण्यात पाहत होती. स्वतःपाशी ती याला मत्सर म्हणत नसे, शास्त्रीय मतभेद म्हणे. आता, दुसऱ्याचं नाव एखाद्या मासिकात छापलेलं दिसलं की जेवणावरची वासना जाते, दिवसभर विद्यार्थ्यांवर खेकसावंसं वाटतं, असा मतभेद जगात नसतो हे तिलाही कळत होतं. कळत होतं म्हणून तो कमी होत नव्हता, एवढंच.

बरं, सुरुवात उलटी होती. शाळेत पहिला नंबर तिचा आणि दुसरा त्याचा. पुण्याला दोघांनी एकाच प्रयोगशाळेत डॉक्टरेट केली, तिथेही सरांचा भरवसा तिच्यावर, आणि कौस्तुभ म्हणजे भांडी फोडणारा, उशिरा येणारा, सगळ्यांना हसवणारा. मग कधीतरी, ती मान खाली घालून काम करत असताना, हा पुढे निघून गेला. ती हैदराबादेच्या संस्थेत, तो पुण्याच्या. त्याला परदेशी बोलावणी, त्याला चांगले विद्यार्थी, आणि वर लोक म्हणणार, काय साधा माणूस. साधेपणाचंही श्रेय त्यालाच. ती तर जन्मापासून साधी राहत होती, तिला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यात दोघांचा विषय एकच, हे दुखणं मोठं. इथिलीन नावाचा वायू असतो. त्याचे कण एकापुढे एक ओवत गेलं की पॉलिथिलीन तयार होतं, आपली पिशवी, बादली, होडीचा दोर त्याचाच. नुसतं इथिलीन ओवलं तर माळ ताठ होते. मधे मधे ऑक्टीन म्हणून दुसऱ्या जातीचे मणी घातले की माळेला बाजूने शेपट्या फुटतात आणि माल मऊ, लवचीक होतो. हे ओवण्याचं काम उत्प्रेरक करतो. धातूचा एक अणू, आणि त्याला चहूबाजूंनी धरून ठेवणारे एका मोठ्या रेणूचे हात, एवढाच त्याचा संसार. कारखानदारांना हे सगळं खूप तापवून हवं असतं, कारण ऊब असेतो भांड्यातला माल पेजेसारखा वाहता राहतो आणि निवला की त्याचा गोळा होतो. पण जास्त तापवलं की ते हात सुटतात, धातू उघडा पडतो आणि उत्प्रेरक मरतो. तेव्हा कितीही ताप लागला तरी मरणार नाही आणि ऑक्टीनला नाक मुरडणार नाही असा उत्प्रेरक शोधणं, हा या मंडळींचा उद्योग. प्राजक्ताचा उत्प्रेरक एकशेसत्तर अंशांना मान टाकत असे. सहा वर्षं ती त्याला एकेक अंशाने वर चढवत होती.

आणि जूनमध्ये एका परदेशी मासिकाच्या संपादकाने तिच्याकडे एक शोधनिबंध परीक्षणाला पाठवला. लेखकाचं नाव वरच होतं, कौस्तुभ मयेकर. त्याचा उत्प्रेरक एकशेनव्वदाला कामाला लागलेला. या धंद्यातली रीत अशी की परीक्षकाला लेखक कोण ते कळतं, लेखकाला परीक्षक कोण ते कधीच कळत नाही. लेखकाशी आपला काही निकटचा संबंध आहे का, असं संपादकाने विचारलं होतं. शेजार म्हणजे काही नातं नव्हे, असं मनाला बजावून तिने ‘नाही’ कळवलं.

मग ती निबंध वाचायला बसली ती चूक शोधायलाच. एकदा वाचला, दोनदा वाचला. चूक नव्हती. काम चांगलं होतं, मांडणी स्वच्छ होती, आणि ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. हा छापून आला की तिच्या सहा वर्षांना कोण विचारतो? जगात पहिल्याचं नाव राहतं, दुसऱ्याला फार तर टीपेत जागा मिळते.

चूक सापडेना तेव्हा तिने प्रश्न शोधला. एकशेनव्वद अंशांना अर्धा तास झाल्यावर भांड्यात नेमकं काय उरतं? तो उत्प्रेरक तेव्हा दिसतो कसा? त्याची रचना सिद्ध करून दाखवावी, तोवर दावा अपुरा समजावा. वाचणाऱ्याला वाटावं, किती रास्त. पण हे दाखवायचं म्हणजे महिनोन् महिने झक मारायची हे तिला माहीत होतं, आणि म्हणूनच तिने ते मागितलं होतं. त्याने तिकडे भांडी थंड करत बसावं आणि तिने इकडे आपला उत्प्रेरक वर चढवावा. खोट प्रश्नात नव्हती, विचारणारीच्या पोटात होती.

दिवाळीत ती तारकर्लीला आली तेव्हा तिचा उत्प्रेरक एकशेऐंशीपर्यंत पोचला होता. अजून दोन-तीन महिने मिळाले असते तर तिचं काम पुरं झालं असतं. आणि नेमका ती घरात पाऊल टाकते तोच संपादकाचा निरोप आला की लेखकाने उत्तरासह सुधारलेला निबंध पाठवला आहे, इतर दोन परीक्षकांची संमती आहे, आता तुमच्या मतावर अडलं आहे. तिने तो उघडलाच नाही. उघडायची गरज काय, तिचं उत्तर ठरलेलं होतं. आणखी दोन प्रयोग मागायचे आणि पाहुण्याला पुन्हा उंबऱ्याबाहेर बसवायचं.

चावदिवसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, सकाळी तुळशीपुढे कारीट फोडून झालं, तेवढ्यात गडग्यापलीकडून हाक आली. “प्राजू, फोव खावक ये गो. आये वाट बघता.”

दिवाळीच्या सकाळी एकमेकांच्या घरी पोहे खायला जायचं हा वाडीचा रिवाज, त्यातून सुटका नाही. प्राजक्ता आईबरोबर गेली. आईला, हौसाबाईंना, कौस्तुभचं भारी कौतुक, त्या वाटेतच सुरू झाल्या, “बघ, पुण्यात एवढो मोठो सायेब झालो, पण हाक मारूची इसराक नाय.” हाक तर आपणही मारतो, असं प्राजक्ताच्या ओठांवर आलं होतं. पण सणाच्या दिवशी आईशी कुठे भांडायचं?

कौस्तुभच्या आईने, सुभद्राकाकींनी, केळीच्या पानावर गुळाचे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे असं सगळं वाढलं. कौस्तुभ समोर मांडी घालून बसला आणि तोंडात घास असतानाच म्हणाला, “तुका एक गजाल सांगतंय. माझो एक पेपर परीक्षणाक गेललो. दोघांनी बरो म्हटलो, आणि तिसऱ्यान माका उभो सोललो.”

प्राजक्ताच्या हातातला घास हातातच राहिला. चोराच्या मनात चांदणं. पण तिने स्वतःला सावरलं, आणि खरं सांगायचं तर तिला आतून गुदगुल्याही झाल्या. बरा सोलला. ऐकू दे आता.

“काय विचारल्यान त्येना?” ती म्हणाली.

“एकशेनव्वदाक अर्ध्या तासान भांड्यात काय उरता ता दाखव, म्हणालो. मी पयल्या दिवशी तेका इतक्यो गाळी घातलंय की, आये तेव्हा पुण्याक माझ्याकडे होती, तिना कानार हात ठेवल्यान.”

“खरा आसा,” काकी म्हणाल्या. “कोणाक घालता म्हणान मी घाबरलंय.”

“मगे काय करतंय, लागलंय कामाक. माका वाटला उत्प्रेरक मेलेलो दिसतलो. भांडा थंड केला, माल भायर काढलो. चार म्हयने ह्याच केलंय. आणि बघतंय तर काय, धातूचो एक हात सुटललो आसा, आणि त्या फटीत इथिलीन आपणच जावन बसलाहा.”

“म्हणजे मोडलो,” प्राजक्ता म्हणाली. तिला ते शब्द म्हणताना बरं वाटलं.

“मोडलो नाय गो, नवो झालो. मी भांड्यात घालतंय तो खरो उत्प्रेरक न्हयच. तापल्यार भांड्यात जो तयार होता तो खरो. आणि तो आदल्यापेक्षा बरो चलता, ऑक्टीन दुप्पट घेता. आता आमी तोच भायर बनवूक लागलंव. दोनशेच्या वर गेलो तरी मरणा नाय.”

प्राजक्ताला क्षणभर समोरचं पान दिसेना. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. तिने त्याच्या वाटेत जो धोंडा टाकला होता त्यावरच पाय देऊन तो वर चढला होता. तिचे एकशेऐंशी अंश तिथेच, पोह्यांच्या पानावर, निवून गेले.

“ह्या माझ्या डोक्यात सात जल्मात येवचा नाय,” कौस्तुभ सांगत होता. “अर्धो शोध त्या परीक्षकाचो. जगात इतके जण ह्या काम करतत, पण हो प्रश्न कोणाक सुचलो नाय. त्या माणसाक सुचलो.”

हे शब्द. नेमके हेच शब्द त्याच्या तोंडून ऐकायला ती शाळेपासून जीव टाकत होती. प्राजू, हे मला सुचलं नसतं, तुला सुचलं. एवढं एकदा त्याने म्हणावं, मग बाकी जग त्याला काय हवं ते देईना का. आणि आज तो म्हणाला, तिच्याच समोर बसून, तिच्याच प्रश्नाबद्दल, आणि ते तिच्यासाठी नव्हतं.

“कोण तो, कळला?” तिने विचारलं.

“नाव कळूचा नाय. पण माझी खात्री आसा, कोण तरी जपानी म्हातारो आसतलो. मोजक्या लिवलेला, एक शब्द वाढीव नाय. राग नाय, हेवो नाय. सगळो जल्म ह्याच कामात गेललो माणूस तो.”

“कशावरना जपानी?” ती चिडून म्हणाली. “असो प्रश्न मीय विचारलो असतो.”

कौस्तुभ हसला. वाईट हसला नाही, तो कधीच वाईट हसत नसे, हीच तर तक्रार होती. “तुझी गोष्ट वेगळी गो. तू हुशार आसस, तुझो हात बरो चलता. पण दुसऱ्याच्या कामात इतक्या खोल शिरूक मोठा मन लागता.”

तो प्रश्न माझा आहे म्हणावं, तर आपण शेजारी असल्याचं संपादकापासून लपवलं, हेही आलंच. हा प्रश्न चार महिन्यांपूर्वी कोणत्या पोटदुखीतून निघाला, हेही आलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिने ताकातले पोहे पुढे ओढले आणि खाली मान घालून संपवले.

आणि मग सुरू झाला नवाच छळ. आजवर ती एका माणसावर जळत होती, आता दोघांवर जळू लागली. तो जपानी म्हातारा तिला दिसायला लागला. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, शांत चेहरा, मोठं मन. मेल्याने आयुष्यात काही केलं नव्हतं, मुळात तो जन्मालाच आला नव्हता, आणि तिची सगळी अक्कल, तिचा आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आयता खिशात घालून बसला होता. कौस्तुभचा राग करताना निदान समोर एक माणूस तरी होता. याचा राग कुठे नेऊन घालायचा?

दुसऱ्या दिवशी काकींनी नवंच काढलं. वाडीच्या टोकाला सुरंगीच्या झाडाखाली राखणदाराचा पाषाण आहे. मुलाचं काम मार्गी लागतंय म्हणून त्याला नारळ द्यायचा होता. आणि एकाने भागेना. “दोन नारळ व्होये,” काकी म्हणाल्या. “एक आमचो, एक त्या म्हाताऱ्याच्या नावाचो. त्येचा कोण आसा काय नाय, देव जाणे.”

गाऱ्हाणं घालायचा मान कौस्तुभच्या चुलत्यांचा, हरिश्चंद्र मयेकरांचा. एरवी हा माणूस घरात पाणी मागायचं तरी हळू आवाजात मागतो, पण देवापुढे उभा राहिला की समुद्रापलीकडे ऐकू जावं असा बोलतो. प्राजक्ता डोकं दुखतंय म्हणाली, पण हौसाबाईंनी ऐकलं नाही. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायला माणसं लागतात. जितकी माणसं म्हणतील तितकं ते मागणं पक्कं.

“बा राखणदारा, ह्या वाडीच्या म्हाराजा,” हरिश्चंद्रांनी हात जोडून सुरुवात केली.

“व्हय म्हाराजा,” मंडळी म्हणाली.

“आज सुभद्रेन तुझ्या पायाकडे जे दोन नारळ ठेवलेले आसत ते मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“तिचो झील कौस्तुभ पुण्यात जा काय,” इथे हरिश्चंद्र अडले, कौस्तुभने कानात सांगितलं, “जा काय प्लास्टिक ओवूचा काम करता, त्या कामात तेका येस दी.”

“व्हय म्हाराजा.”

प्राजक्ताचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. काकींनी तिला कोपराने ढोसलं. “मोठ्यान म्हण गो. तू तर त्याच कामातली.”

“जपानात जो कोण म्हातारो आसा, ज्येना आमच्या झिलाक वाट दाखवल्यान, तेका उदंड आयुष्य दी. तेच्या पोराबाळांक सुखात ठेव. तेचो मान वाढव.”

“व्हय म्हाराजा,” प्राजक्ता म्हणाली, मोठ्याने.

“आणि ह्या कामार जो कोण वाकडी नजर ठेवता, पोटात एक आणि व्होटात एक ठेवता, गपचूप आडो येता, तेका जागच्या जागी सरळ कर म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

तेही ती म्हणाली. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्याच सुरात. एका गाऱ्हाण्यात तिची आठवण दोनदा निघाली, एकदा आयुष्य मागायला आणि एकदा सरळ करायला, आणि दोन्ही वेळा होकार तिनेच भरला. हसू यायच्या जागी रडू आलं. ते पश्चात्तापाचं नव्हतं, हे इथे सांगून टाकलेलं बरं. मान वाढव, म्हणाले. कुणाचा, तर त्या म्हाताऱ्याचा.

नारळ फुटले. म्हाताऱ्याच्या नावाच्या नारळाचं एक भकल काकींनी तिच्या हातात ठेवलं. “जपान खंय आसा कोणाक खबर. तू खा त्येच्या नावान. विद्येतला माणूस विद्येतल्या माणसाक पोचता.”

दुपारी हौसाबाईंनी ते भकल किसून बांगड्याच्या सारात घातलं. प्राजक्ताने सारभात खाल्ला आणि माडीवर जाऊन संगणक उघडला. नकाराचा मजकूर तिने कालच तयार ठेवला होता. दाव्याला बळकटी येण्यासाठी आणखी दोन जातींचे मणी वापरून पाहावेत, भट्टी अधिक काळ चालवून दाखवावी. सभ्य, रास्त, आणि पुरे तीन महिने खाणारा. तो पाठवायचा आणि झोपायचं, एवढंच उरलं होतं. पाठवण्याआधी तिने सुधारलेला निबंध उघडला, न वाचता नाकारणं परीक्षकाला शोभणार नाही म्हणून.

पहिली पानं तिने भराभर उलटली. मग तो नवा भाग आला. सुरुवातीलाच तिचा प्रश्न होता, जवळजवळ तिच्याच शब्दांत. त्याखाली त्याचं उत्तर, आकृत्यांसह, एकेक पायरी करत. थंड केलेलं भांडं, सुटलेला हात, फटीत शिरलेलं इथिलीन. ती वाचत गेली आणि राग कुठेतरी बाजूला राहिला, कारण काम सुंदर होतं. तिच्या मनात जे अर्धवट, वाईट हेतूने, अंधारात फेकलं गेलं होतं ते इथे पूर्ण होऊन उजेडात उभं होतं. असं काहीतरी करायला म्हणून ती या धंद्यात आली होती. शेवटी आभार होते. विद्यार्थ्यांचे, संस्थेचे, आणि एका अनामिक परीक्षकाचे, ज्यांच्या प्रश्नावाचून हा शोध लागला नसता.

ती ओळ तिने कितीदा वाचली ते विचारू नका.

आता गंमत अशी झाली होती की निबंध अडवला तर ही ओळही अडणार. हा भाग, हा तिचा भाग, पेटीत पडून राहणार. कदाचित मधल्या काळात अमेरिकेतला कोणी हेच शोधून काढेल आणि मग तिचा प्रश्न कायमचा मेला. कौस्तुभचं बरं व्हावं असं तिला अजूनही वाटत नव्हतं. निबंध छापला की पहिला तो आणि दुसरी ती, एकशेऐंशी अंशांवाली, हे तिला लख्ख दिसत होतं. पण त्या म्हाताऱ्याचं बरं व्हायला हवं होतं. तो म्हातारा म्हणजे ती होती, आणि तिच्या आयुष्यात जे काही मोठं छापून येणार होतं ते आता त्याच्याच नावावर येणार होतं.

तिने तयार मजकूर पुसला. निबंध जसा आहे तसा छापावा, असं लिहिलं. आणि खाली आणखी एक वाक्य घातलं, जे कुठल्याही परीक्षकाने आजवर घातलं नसेल, की आभारांत काटछाट करू नये. पाठवून झाल्यावर ती माडीच्या खिडकीत बसली. समुद्राकडून वारा येत होता, गडग्यापलीकडे कौस्तुभ कोणाला तरी हसवत होता, आणि आपण काही चांगलं केलं असं तिला मुळीच वाटलं नाही. सहा वर्षं हातची गेली, हे मात्र वाटलं.

ती हैदराबादला निघायची त्या सकाळी कौस्तुभ गडग्यावरून उडी मारूनच आला. हातात फोन. संपादकाचं पत्र आलं होतं. “घेतलो,” तो म्हणाला. “पेपर घेतलो. एक शब्द बदलूचो नाय म्हणालो. त्या म्हाताऱ्यान व्हय म्हटल्यान. चल, आये घावणे काढता, तुका खावन जावक व्होया.”

काकी चुलीपाशी होत्या. बिडाच्या तव्यावर घावणा टाकून झाकण ठेवत म्हणाल्या, “बरो माणूस हां. नायतर परक्याच्या पोराचा इतक्या कोण करता?”

“जपानाक जातलंय मी पुढल्या वर्साक,” कौस्तुभ म्हणाला. “थंय परिषद आसा. सगळ्या म्हाताऱ्यांक विचारतलंय, तूच काय तो? गावलो तर सगळ्यांच्या समोर पाया पडतलंय त्येच्या.”

प्राजक्ताला ते दिसलं. परदेशातलं सभागृह, लोक उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि कौस्तुभ वाकून कुणा भलत्याच पांढऱ्या केसांच्या माणसाच्या पायांना हात लावतोय. आणि तो गृहस्थही, लबाड, नाही म्हणणार नाही, नुसता हसेल.

“पाया कित्याक पडूचे?” तिचा तोल गेला. “इतको काय मोठो नाय तो. एक प्रश्न विचारल्यान, त्येचा इतक्या काय? तुका काय ठाव, कसल्या मनान विचारल्यान तो? तुका खाली पाडूक विचारल्यान आसतलो. उगाच त्येका डोक्यार घेवन नाचतास सगळे.”

कौस्तुभ तिच्याकडे बघत राहिला. काकींनी झाकण काढलं, कालथ्याने घावण्याची कड सोडवली आणि मान वर न करता म्हणाल्या, “असा बोलू नये गो. त्या म्हाताऱ्यान तुझा काय वाईट केल्यान? दुसऱ्याचा बरा झालेला तुका बघवना नाय काय?”

“नाय बघवना, काकी,” प्राजक्ता म्हणाली.

सदतीस वर्षांत तिने हे पहिल्यांदाच कोणाला सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही हलला नाही. काकींना वाटलं, थट्टाच करतेय. त्या हसू लागल्या, मग कौस्तुभही हसला, आणि म्हणाला, “बघ आये, म्हणान सांगतंय, हिच्यासारखा खरा बोलणारा माणूस माका दुसरा गावाक नाय.” काकींनी घावणा तव्यावरून उचलून तिच्या ताटात घातला आणि त्यावर नारळाचा रस ओतला. तो निवायच्या आत खायचा असतो म्हणून प्राजक्ताने लगेच मोडून तोंडात घातला, आणि दोघं हसत होती तोवर ती खाली बघून खात राहिली.